अर्ध्या किलोचं निम्मं

घरात दोघं असली की दिवसभराचे किस्से संध्याकाळपर्यंत सांगून होतात. एकट्याच्या घरात ते रद्दीसारखे साठत जातात. आज तुम्ही तावडीत सापडला आहात, तर कॉफीचे तेवढे ऐकून घ्या.

मी बँकेत होतो. नोकरीची बरीच वर्षं म्हैसूरला गेली. तिथे सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, फिल्टर कॉफीची सवय लागली आणि तिच्यामुळे मला. निवृत्तीनंतर नाशिकला परतलो तरी तिथल्या शेजारीणबाई पावडर पाठवायच्या. मग सुमन गेली. त्या बाईंचे फोन तिलाच यायचे, त्यामुळे पावडरही थांबली. तेव्हा मी नाशकात ताजी कॉफी शोधायला निघालो.

*

सुरुवात रविवार कारंजावरच्या किराणा दुकानातून केली. "ताजी कॉफी आहे का?" म्हणून विचारलं. दुकानदाराने एक बाटली फडक्याने पुसली, उलटी केली आणि बुडावरची तारीख दाखवली.

"एकदम ताजी, काका. अजून दीड वर्ष ताजीच राहणार!"

*

मग कोणीतरी कॉलेज रोडवरचा एक कॅफे सुचवला. खुर्ची ओढली तोच वेटरने विचारलं, "अजून कोणी येतंय का, सर?" मी नाही म्हणालो. कॉफी आली ती वर फेसात बदाम काढलेली. आजूबाजूची पोरं आधी कपाचा फोटो काढत होती, म्हणून मीही काढला.

काढून झाल्यावर लक्षात आलं की पाठवायला कोणी नाही.

*

एकदा भाच्याने चिकमगळूरहून भाजलेल्या बिया आणल्या. दळायच्या कुठे? घराजवळ मिरची-मसाला दळून देणारी गिरणी आहे, तिथे गेलो. गिरणीवाल्या मावशी बियांचा वास घेऊन काळजीत पडल्या.

"काका, थांबा जरा. आधी या ताईंची मिरची होऊ द्या. मिरचीला तुमच्या कॉफीचा वास लागला तर त्या माझ्याशी भांडतील!"

दुसऱ्या दिवशी पहिल्याच घोटाला डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. निदान त्या दिवशी तरी त्याचं कारण कॉफी होती.

*

शेवटी गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत मुग्धा सापडली. या मुलीने वडिलांच्या गॅरेजमध्ये कॉफी भाजायचं मशीन बसवलंय. एक बुधवार आड भाजते. पाकीट हातात घेतलं तर कोमट लागलं. अगदी भरून आलं मला.

"काका, आज नका हं पिऊ," मुग्धा म्हणाली. "भाजल्यावर चार-पाच दिवस मुरू द्यायची, मग चव येते."

माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईंनी हे ऐकलं. आयुष्यभर भाजी बोटाने मोडून घेतलेल्या त्या.

"मग मला गेल्या वेळची ताजी द्या!"

*

पाकीट मात्र अर्ध्या किलोचंच. दळलेली कॉफी पंधरा दिवसांत संपवली नाही तर वास जातो, असं मुग्धाने बजावलं. सकाळी एकच कप पिणारा माणूस मी, अर्धा किलो कधी संपवणार? मी पाकीट परत ठेवलं.

गॅरेजबाहेरच्या कट्ट्यावर एक गृहस्थ बसले होते. शेखसर. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, याच गल्लीत राहतात. मुलगा दुबईला.

"साहेब, निम्मं-निम्मं करायचं का? मीपण एकटाच असतो."

तेव्हापासून मुग्धा दोन पाकिटं करून, चिकटपट्टी लावून देते आणि आम्ही कट्ट्यावर तासभर बसतो. गोदावरीचं पाणी, विंचूरच्या कांद्याचा भाव, त्यांचे विद्यार्थी, माझी सुमन. पंधरा दिवस मी त्या एका तासाकडे डोळे लावून असतो.

*

मुग्धा दर वेळी नवी कॉफी चाखायला देते. शेखसरांची कधी दाढ दुखते, कधी ते आत्ताच घरून पिऊन आलेले असतात. एकदा म्हणाले, रोजा आहे.

"सर, रमजान संपून महिना झाला!"

"सुटलेले भरून काढतोय, बेटा."

मागची कॉफी कशी होती विचारलं की उत्तर ठरलेलं, "फक्कड!" एकदा मुग्धाकडून घाणा करपला. माझं पाकीट मी फेकून दिलं. सरांना विचारलं, तर तेव्हाही फक्कड. मला वाटलं, मास्तर माणूस, सगळ्यांना पास करायची सवय.

*

गेल्या बुधवारी सर आले नाहीत. कट्ट्यावरचा तो तास जाता जाईना. फोन केला, तर ताप होता. त्यांचं निम्मं घेऊन त्यांच्या घरी गेलो.

"तुम्ही पडून राहा, मी मस्त कॉफी करून आणतो," म्हणालो. सर एकदम उठून बसले. "राहू द्या साहेब, कशाला उगाच त्रास," असं काहीतरी म्हणत होते, पण मी स्वयंपाकघरात पोचलो होतो.

ओट्यावर चहाचं पातेलं, गाळणं, चहा-साखरेचे डबे. वरच्या फळीवर मुग्धाची पाकिटं ओळीने मांडलेली. पार पहिल्या बुधवारपासूनची. एकाचीही चिकटपट्टी निघालेली नव्हती.

हातातलं पाकीट मी ओळीच्या शेवटी ठेवलं. आलं ठेचून दोन कप चहा केला आणि बाहेर नेला.

सरांनी एक घोट घेतला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेब, कॉफी फक्कड झालीय."

"ताजी आहे," मी म्हणालो.