चुंबकरेषांचा मुक्काम

द्रवरूप नायट्रोजन थर्माकोलच्या डब्यात ओतताना तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चर्र आवाज होई, आणि भिंतीपलीकडच्या प्रयोगशाळेत सर आले आहेत हे माझ्या मराठीच्या वर्गात मला कळे. यवतमाळच्या आमच्या महाविद्यालयात ते भौतिकशास्त्र शिकवत. नायट्रोजन जवळच्या लोहारा गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून मागून आणत. तेथे वळूंच्या रेतमात्रा त्यातच गोठवून ठेवतात.

नायट्रोजनने गोठवली की वीज विनाअडथळा वाहू देणाऱ्या, नखाएवढ्या अतिसंवाहक फिल्ममध्ये चुंबकरेषा कडेकडेने कशा शिरतात, हे ते सूक्ष्मदर्शकातून पाहत राहत. मान वर न करताच म्हणत, "निर्दोष फिल्म कामाची नाही, मॅडम. दोष असला तरच रेषा जाग्यावर राह्यते. मोकळी सुटली, की वीज अडू लागते." फिल्मविषयी बोलताना त्यांचा आवाज हळवा होई, माणसांविषयी ते बोलतच नसत.

निवृत्तीच्या दिवशी त्यांना शेवटचे निरीक्षण करायचे होते. दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे राहणार होते. त्यांनी नायट्रोजनचा कॅन तिरपा केला, तोच दवाखान्यातले डॉक्टर धापा टाकत आले.

"सर, नायट्रोजनची नागपूरची गाडी आलीच नाही. आमचं भांडं तळाले लागलं. साऱ्या रेतमात्रा खराब होतील."

ते क्षणभर फिल्मकडे पाहत राहिले. मग कॅनचे झाकण लावून तो त्यांनी डॉक्टरांच्या हाती दिला. "न्या. तुमच्या वळूंचा तरी वंश चालू राहू द्या."

डॉक्टर गेल्यावर मी म्हणाले, "गाडी आली की करा ना, सर. खोलीसाठी मी प्राचार्यांशी बोलते."

सूक्ष्मदर्शकावर कापड पांघरत ते म्हणाले, "कायले? माझ्यामागं हे पाह्यणारं कोण आहे?"