रद्द झालेला पाचवा प्रश्न

आमच्या घरात ठसका लागायचीसुद्धा सोय नाही. पाठीवर थोपटायच्या आधी मंजुषा विचारते, "अन्न चुकीच्या नळीत गेलं म्हणजे नेमकं कुठे गेलं, सांगा बरं." इकडे माणूस लालबुंद झालेला, डोळ्यांतून पाणी येतंय, आणि हिला श्वासनलिकेवरच्या झाकणाचं काम समजावून हवं असतं. मी तहसील कचेरीत उभा जन्म कारकुनी केली. साहेबांनी काहीही विचारलं की "बघतो साहेब" एवढ्यावर निभावून नेलं. घरी ते चाललं नाही.

मंजुषा माझी बायको. आम्ही महागावला राहतो आणि ती फुलसावंगीच्या पलीकडच्या एका गावात हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. रोज एसटीनं जाणं-येणं. बाई तशी शांत आहे, भाजीवाल्याशी सुद्धा घासाघीस करत नाही. पण परीक्षेच्या प्रश्नांचा विषय निघाला की तिच्या अंगात येतं. 'टीप लिहा', 'फरक स्पष्ट करा', 'शास्त्रीय कारणे द्या' हे शब्द तिला शिवीसारखे लागतात. पोरं गाईड पाठ करतात, मास्तर गाईड समोर ठेवून तपासतात, गाईडवाल्याचा बंगला होतो आणि मधल्या मधे माणसाचं शरीर कुठच्या कुठे राहून जातं, असं तिचं म्हणणं. एकदा तिनं दहावीतल्या एका हुशार पोराला विचारलं, "वृक्क कुठे असतात रे?" तो ताडकन उभा राहिला आणि म्हणाला, "पान बासष्टवर, मॅडम." मला हे ऐकून हसू आवरेना. ती मात्र त्या दिवशी जेवली नाही, आणि माझ्या हसण्यावरून दोन दिवस अबोला धरला तो वेगळाच.

म्हणून ती स्वतः प्रश्न काढायची. कापूस वेचताना आईचं बोट चिरलं, रक्त थोड्या वेळानं आपोआप थांबलं, ते कोणी थांबवलं? उपासाच्या दिवशी दुपारी डोकं का दुखतं? असले प्रश्न. पोरांना ते आवडायचे, पण परीक्षेत आले की रडू यायचं, कारण उत्तर कुठे छापलेलं नसायचं. सहशिक्षक तिच्या माघारी तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणायचे. ते तिला माहीत होतं आणि लागतही होतं.

मग २०१७ चं साल आलं. आधीची काही वर्षं कापसानं आमच्या भागाला रडवलंच होतं. त्या साली कपाशी कधी नव्हे ती डोक्याच्या वर गेली. फवारणारा माणूस झाडांमध्ये दिसेनासा व्हायचा आणि पंपाचा फवारा वर मारला की तो त्याच्याच तोंडावर यायचा. अळी मरेना म्हणून लोक दोन-तीन औषधं एकत्र कालवायचे. माणसं ओकत घरी येऊ लागली. जो तो म्हणायचा, ऊन लागलं.

ऑगस्टमधली गोष्ट. मंजुषा एसटीतून घरी येत असताना समोरच्या बाकावर एक माणूस बसला होता. सदरा ओलाचिंब, घाम थांबत नव्हता, तोंडातून लाळ गळत होती. कंडक्टरनं त्याला दारू प्यायलाय म्हणून झापलं. मंजुषानं वाकून त्याचे डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. तिनं आरडाओरडा करून एसटी सरकारी दवाखान्यापाशी थांबवली आणि त्याला उतरवून घेतलं. तो माणूस वाचला. घरी आल्यावर तिनं चपला काढायच्या आधी माळ्यावरची बी.एस्सी.ची पुस्तकं खाली काढली. शिडी मलाच धरावी लागली.

पुढच्याच आठवड्यात नववीची घटक चाचणी होती आणि पेपर काढायची पाळी तिची होती. नववीला चेतासंस्थेचा धडा आहेच. तिनं पाचवा प्रश्न घातला, तीन मार्कांचा. "फवारणी करून आलेल्या माणसाच्या बाहुल्या बारीक झाल्या आहेत, लाळ आणि घाम थांबत नाही, उलट्या होत आहेत. त्याच्या चेतासंस्थेत काय बिघडले असेल? घरच्यांनी काय करावे?"

नववीच्या दोन तुकड्या. 'अ' तिच्याकडे, 'ब' साकेत सरांकडे. हे साकेत सर नवे, तरुण, टापटिपीचे. दोन्ही तुकड्यांत पाचव्या प्रश्नाची वाट लागली. मंजुषाला त्याचं काही वाटलं नाही. "आता पेपर वाटताना उत्तर सांगेन, ते जन्मात विसरणार नाहीत," असं मला म्हणाली. चाचणीत चुकायचं आणि मग शिकायचं, हाच तिचा सगळा बेत होता.

पण साकेत सर मुख्याध्यापकांकडे गेले. चारुदत्त सर म्हणजे तिच्या शाळेचे मुख्याध्यापक, माणूस वाईट नाही. फक्त कशानंही त्यांना घाम फुटतो. त्यांनी दोघांना बोलावून घेतलं. तिथं काय झालं ते मंजुषानं मला इतक्या वेळा ऐकवलं आहे की मीच तिथं हजर होतो असं मला वाटतं.

"सर, प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे," साकेत सर म्हणाले. "उत्तर पुस्तकात नाही, गाईडमध्ये नाही. मी तपासू कशावरून?"

"माझ्यावरून तपासा," मंजुषा म्हणाली. "मी उत्तर लिहून देते."

"तुमचं उत्तर अधिकृत कसं धरायचं, मॅडम?"

चारुदत्त सरांनी कपाळ पुसलं. पालक येतील, शाळा समितीतले लोक विचारतील, फवारणीच्या भानगडीत शाळा कशाला, असं बरंच बोलून त्यांनी निकाल दिला. पाचवा प्रश्न रद्द. सगळ्यांना तीनपैकी तीन मार्क द्या आणि कुठे बोभाटा करू नका.

"मार्क खुशाल द्या," मंजुषा म्हणाली, "पण उत्तर तरी दोन्ही वर्गांत सांगू द्या."

"रद्द प्रश्नाचं उत्तर कसं सांगणार, मॅडम?" चारुदत्त सर म्हणाले. "मग तो रद्द कुठे झाला?"

हे वाक्य तिनं घरी येऊन मला सांगितलं तेव्हा तिच्या हातातलं पोळपाट ओट्यावर आपटलं गेलं. माझंही डोकं सणकलं. कचेरीत मी एकाहून एक फायली पाहिल्यात, पण असलं तर्कट मलाही नवीन होतं.

तिनं ऐकलं नाहीच. 'अ'मध्ये दार लावून घेतलं आणि अख्खा तास तेच शिकवलं. 'ब'साठी साकेत सरांकडे एक तास मागितला. ते म्हणाले, "माझा पोर्शन मागे पडलाय, पुढच्या महिन्यात बघू." पुढच्या महिन्यात तिनं पुन्हा विचारलं. तेव्हा सहामाही तोंडावर आली होती. मधल्या सुट्टीत 'ब'च्या पोरांना व्हरांड्यात गोळा करायचा प्रयत्न केला, तर शिपाई चारुदत्त सरांचा निरोप घेऊन आला. ती रोज घरी येऊन धुसफुसायची. भाजी करपायची. "पन्नास पोरं आहेत हो त्या वर्गात," म्हणायची, "आणि ज्याच्या घरी पंप नाही असं एकही नाही." मी म्हणायचो, चिडून उपयोग काय? त्यावर ती मला म्हणाली, "मग कशाचा उपयोग आहे, ते सांगा."

सप्टेंबरच्या अखेरीस 'ब'मधली सुरभी राठोड शाळेत यायची बंद झाली. तिचा बाप किसनसिंग तांड्यावर राहायचा आणि रोजानं लोकांच्या शेतात फवारायला जायचा. त्याला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलंय, असं पोरींकडून मंजुषाला कळलं. रविवारी आम्ही दोघं यवतमाळला गेलो. वॉर्डात खाटा पुरत नव्हत्या. किसनसिंगच्या तोंडात नळी होती आणि मशीन त्याच्यासाठी श्वास घेत होतं. त्यानंतर दोन दिवसांनी तो गेला, पण त्या दुपारी सगळ्यांना अजून आशा होती.

सुरभी बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. मॅडमला पाहून उठली. मंजुषानं तिला पुन्हा खाली बसवलं आणि स्वतःही तिच्याशेजारी फरशीवर बसली.

"काय झालं गं?"

"बा फवारून आला तं पूरा भिजेल होता," सुरभी सांगू लागली. "उलट्या करून राह्यला होता. तोंडातून लाळ पडे. याडी म्हणे, दवाखान्यात नेऊ." याडी म्हणजे तिची आई. "मीच म्हणलं, कायले नेतं? ऊन लागलं हाय. तळपायाले कांदा चोळला, साखरपाणी पाजलं अन् तसंच निजवलं."

"त्याच ओल्या कपड्यांत?"

"हो. सकाळी उठवलं तं उठेच ना."

मंजुषानं तिचा हात हातात घेतला. "ऊन लागलं असं कोण म्हणालं तुला?"

"कोण म्हणन? पेपरात आलता ना मॅडम, पाचवा प्रश्न. म्या लिहिलं, त्याले ऊन लागलं, कांदा चोळावा, आराम द्यावा. तीनपैकी तीन भेटले." ती आमच्याकडे आळीपाळीनं पाहत होती. "याडी तं ऐकून नाही राह्यली होती. म्या तिले पेपर दाखवला. म्हणलं, मले येते हे, सरनं पूरे मार्क देल्ले हाय."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. चारुदत्त सर, साकेत सर, तो बोभाटा न करता वाटलेला प्रत्येक मार्क, सगळ्यांचा भयंकर संताप आला. शिव्या द्यायला समोर मात्र कोणी नव्हतं, फक्त ही पोरगी होती.

मंजुषानं तिचा हात तसाच धरून ठेवला. मग सुरभीनंच विचारलं, "माहं चुकलं होतं का, मॅडम? मंग बरोबर उत्तर काय होतं?"

खोटं बोलणं मंजुषाला जमत नाही. तिनं सांगितलं. वर्गात सांगते तसंच, सावकाश. दोन चेतापेशींच्या मधे बारीक फट असते. निरोप एका रसायनाच्या रूपानं ती फट ओलांडतो. तो पोचला की ते रसायन पुसून टाकणारं दुसरं द्रव्य तिथं असतं. फवारणीचं विष त्या पुसणाऱ्यालाच निकामी करतं. मग निरोप थांबतच नाही, लाळ थांबत नाही, घाम थांबत नाही, शेवटी श्वास घेणारे स्नायू थकतात. विष कातडीतून आत जात राहतं. म्हणून आधी कपडे काढायचे, साबणानं अंग धुवायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा.

सुरभीनं सगळं मन लावून ऐकलं. मग वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं.

"कपडे काढाचे, साबणानं धुवाचं अन् गाडी पाहाची," ती म्हणाली. "एवढं तं मले जमलं असतं, मॅडम."