गिरणेच्या डोहातले पाहुणे मासे

भडगावजवळ गिरणेच्या एका डोहात आम्ही नऊ वर्षं मासे मोजले. आम्ही म्हणजे मी, कॉलेजातला प्राणिशास्त्राचा मास्तर, आणि नाना, नदीकाठचे भोई. अमावास्येला त्यांच्या घरी मासा विकत नसत, खातही नसत. म्हणून मोजणीचा दिवस तोच ठरला. सकाळी नानांनी एकाच खडकावरून फेकजाळं तीनदा टाकायचं. वाम, मरळ, शिंगाळा, जे निघेल ते मोजायचं, वहीत लिहायचं आणि पाण्यात सोडायचं. खडक बदलायचा नाही, जाळं बदलायचं नाही. एवढंच आमचं शास्त्र.

नवव्या वर्षी आकडे इतके घसरले की मी मत्स्यखात्याच्या वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं: वाळूचा उपसा थांबवा, डोहातले मासे संपत चालले आहेत. माझी चूक ही, की पत्राच्या शेवटच्या वाक्याकडेच लोक बघतात हे मला ठाऊक नव्हतं.

महिन्याभरात मांडव आला, लाऊडस्पीकर आला, हार आले. टाकीभरून रोहू-कटल्याची पिल्लंही आली. नाना धावत माझ्याकडे आले.

"सर, यास्ले सांगा ना, हाऊ आपला मोजाना डोह शे!"

मी त्या कार्यालयाच्या साहेबांना सांगितलं, की ही पिल्लं इथे सोडलीत तर नऊ वर्षांची नोंद मातीत जाईल. दुसरा डोह मैलभरावरच आहे.

साहेब हसले. "मास्तर, मासे कमी झाले हे तुम्हीच लिहिलंत ना? मग आणले की आम्ही! आता मोजा पोटभर."

दुसरा डोह रस्त्यापासून लांब होता. मांडव तिथे पोचत नव्हता. पुढाऱ्यांनी पिल्लांचं घमेलं पाण्यावर तिरकं केलं, फोटोसाठी पुन्हा एकदा तिरकं केलं. वाळूचे ट्रॅक्टर पाहुण्यांच्या मोटारींना वाट देऊन पलीकडे उभे होते. मांडव उठल्यावर ते पुन्हा पात्रात उतरले.

पुढच्या अमावास्येला जाळं जड आलं. सगळी पिल्लं, आणि तळाशी एकच वाम. मी दोन्ही वेगवेगळं लिहिलं. कॉलेजच्या वार्षिक अंकात मात्र छापून आलं: डोहातल्या माशांत भरघोस वाढ. प्राचार्यांकडे गेलो, म्हटलं, हे खोटं आहे.

"खोटं कसं? पाण्यात मासे आहेत ना?"

हे मी नानांना सांगितलं, तेव्हा ते जाळ्याच्या काठाच्या शिशाच्या गोळ्या चाचपत बसले होते.

"मंग आते मोजीसन काय करानं, सर? जे त्यास्नी टाकं, तेच निघी."

ते पुन्हा त्या खडकावर आले नाहीत. दुसऱ्या कुणाच्या हाताने जाळं टाकलं असतं, तर ती मोजणी आधीच्या मोजणीशी जुळली नसती. वही मी विभागाच्या कपाटात ठेवली.

वर्षभराने ती प्रदर्शनात मांडलेली दिसली. शेवटच्या नोंदीवर कुणीतरी घमेल्याचा फोटो डिंकाने चिकटवला होता. मी तो ओढून काढला. त्याच्याबरोबर कागदाचा पापुद्रा आणि त्यावर लिहिलेली आमची वामही निघून आली.