चारशे एमबीचा तोल

मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे मोठ्या ढेपा, तोलण्यात विरूपाक्षआप्पांची अडतीस वर्षं गेली. सकाळी काट्याजवळ आले की ते आधी रिकामा काटा बघायचे, मग सरकारी शिक्क्याचं माप ठेवून बघायचे, आणि काटा बरोबर आहे असं पटलं की पुन्हा एकदा बघायचे. अडत्या कावून म्हणायचा, आप्पा, सौदा उरकंल की. आप्पा म्हणायचे, उरकू दे, काटा खोटा नगं. शेतकऱ्याला वाटायचं आप्पा अडत्याचा माणूस, अडत्याला वाटायचं शेतकऱ्याचा. आप्पांना दोघंही लबाड वाटायचे, त्यामुळं तोल चोख निघायचा.

निवृत्तीनंतर हा सगळा संशय घरी राहायला आला. दूधवाला, गॅसवाला, गिरणीवाला, कुणी सुटलं नाही. त्यांची बायको शांतव्वा शेजारणीला सांगायची, यार्डानं ह्यांना सोडलं बाई, पर ह्यांनी यार्ड सोडलं न्हाय.

दोन हजार सात साली घरात इंटरनेट आलं ते सुनेपायी. मुलगा शिवशरण वारणानगरला साखर कारखान्यात, शनिवारी येऊन सोमवारी पहाटे जाणारा. सून दानेश्वरी बीएस्सी झालेली. तिला पुण्याच्या एका कंपनीनं घरबसल्या काम दिलं होतं. परदेशातले डॉक्टर रोग्याबद्दल जे बोलतात त्याच्या आवाजाच्या फायली यायच्या आणि ती कानाला यंत्र लावून ते टाइप करून परत पाठवायची. एक डॉक्टर नाकातून बोलायचा, एक बोलताबोलता काहीतरी चावत असायचा. दानेश्वरी जेवताना दोघांची हुबेहूब नक्कल करायची आणि शांतव्वाला हसून ठसका लागायचा. महिन्याला साडेचार हजार सुटत होते. लग्नाआधी शाळेत नोकरी मिळता मिळता गेली होती, त्यामुळं हे काम तिला जिवापलीकडं होतं.

‘भरारी ब्रॉडबँड’चा पिराजी वायर घेऊन आला तेव्हा आप्पा दारातच खुर्ची टाकून बसले होते. पिराजी एका दमात बोलणारा: पाचशे रुपये महिना, चारशे एमबी फ्री, पुढं दर एमबीला फक्त नव्वद पैसे, स्पीड दोन एमबीपर्यंत, मोडेम आपल्याकडून, सही इथं.

"पर्यंत म्हंजे?" आप्पांनी विचारलं.

पिराजी म्हणाला, पर्यंत म्हणजे पर्यंत. आप्पा म्हणाले, मी रवा देताना तीस किलोपर्यंत म्हणालो आणि वीसच दिला तर तू घेशील का? पिराजीला दुपारपर्यंत अजून चार घरं करायची होती. त्यानं सुटकेचा मार्ग काढला. संगणकावर एक पान उघडलं, बटण दाबलं, आणि पडद्यावर गोल तबकडीत एक काटा थरथरत वर चढला. एक पूर्णांक नऊ. पिराजी म्हणाला, आप्पा, शंका आली की हे दाबायचं. आम्ही कमी दिलं तर काटाच सांगंल.

आप्पा त्या काट्याकडं बघतच राहिले. महिन्याभरात त्यांना आणखी काही उघडता येईना, पण हे पान झोपेतही उघडता आलं असतं.

पहिलं बिल आलं तीन हजार आठशे बाराचं. वापर चार हजार ऐंशी एमबी. आप्पांनी बिल उजेडात धरलं, उलटं करून बघितलं आणि कन्नडमधून मोजायला लागले. ते कन्नडमधून मोजायला लागले की घरात कुणी मध्ये बोलत नसे.

मग फोन. फोनवरची बाई आधी हिंदीत म्हणाली की आपका कॉल हमारे लिये बहुत महत्त्वपूर्ण है. आप्पा म्हणाले, व्हय, म्हंजे उचला की मग. ती पुन्हा तेच म्हणाली. आप्पांनी तिला नाव विचारलं. अकरा मिनिटं ते त्या ध्वनिमुद्रित बाईशी वाद घालत होते. शेवटी शांतव्वानं हातातून फोन काढून ठेवला आणि म्हणाली, ती काय ऐकणार हाय व्हय तुमचं, चाळीस वर्षं मी ऐकलं न्हाय.

कंपनी लबाड हे ठरलंच होतं. पण एकटी कंपनी एवढं कशी खाईल, म्हणून आप्पांनी संशय भिंतीपलीकडं नेला. शेजारचा बाळासो दुपारी दार लावून संगणकावर सिनेमे बघतो आणि वायर त्याच्या खिडकीवरून येते. आप्पांनी वायरीला तीन ठिकाणी पांढरा दोरा बांधला, गाठ आपली यार्डातली, पोत्याला घालायची. रोज सकाळी गाठी तपासायच्या. बाळासोनं खिडकीतून विचारलं, काय आप्पा, वायरीला कुणाची नजर लागली काय? गाठी जशाच्या तशा राहिल्या.

मग उरली घरातली माणसं. शांतव्वा संगणकाला हात लावत नव्हती, तिला तो अंगावर खेकसेल असं वाटायचं. म्हणजे दानेश्वरीच. आप्पांनी तिच्यासमोर एक वही ठेवली. किती फायली आल्या, किती गेल्या, केवढ्या वजनाच्या, रोज लिहायचं. तिनं आठ दिवस लिहिलं. रोज नऊ, कधी दहा एमबी. आप्पांनी बेरीज केली, महिन्याचा अंदाज काढला. तीनशेसुद्धा भरेनात.

"हे चार हजारांत बसत न्हाय, पोरी," आप्पा म्हणाले.

दानेश्वरीनं कानाचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "मामा, तुमी मला खोटी म्हणताय काय?"

"खोटी न्हाय म्हणत. तोल जुळत न्हाय म्हणतोय."

ती आत गेली. रात्री जेवताना डॉक्टर नाकातून बोलला नाही की चावला नाही.

शुक्रवारी आप्पांनी निकाल दिला: कनेक्शन बंद. शिवशरण फोनवर वारणेहून समजावत होता, पण आप्पांपुढं त्याचं बोलणं त्या ध्वनिमुद्रित बाईपेक्षा लवकर संपायचं. दानेश्वरीनं एवढंच सांगितलं की सोमवारी सकाळी फायली घेतल्या नाहीत तर पुण्याची कंपनी काम दुसऱ्या मुलीला देणार. आणि बंद करायचा अर्ज द्यायला आपणही येणार. बंद करण्याचं खापर अर्जात आपल्या नावावर फुटतंय का ते डोळ्यांनी बघायचंय.

शनिवारी दोघं ‘भरारी’च्या शाहूपुरीतल्या ऑफिसात गेली. काउंटरवर क्रांती नावाची पोरगी होती. गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन खाऊन तिचा आवाज सपाट झाला होता. आप्पांनी अर्ज काउंटरवर ठेवला, त्यावर पंजा ठेवला, आणि म्हणाले की पैसे भरण्याआधी रोजचा तोल दाखवा. महिन्याचा गोळा आपल्याला चालत नाही.

क्रांतीनं पडदा त्यांच्याकडं फिरवला. तारीखवार आकडे. आप्पांचं बोट खाली सरकत गेलं आणि एके ठिकाणी थांबलं. पाच, सहा, सात तारीख. एकशे पन्नास, एकशे बासष्ट, एकशे अठ्ठेचाळीस.

आप्पांचा आवाज चढला. या तीन दिवशी सून संकेश्वरला माहेरी होती, बहिणीच्या डोहाळजेवणाला. मी स्वतः तिला एसटीत बसवलं. घरात काम करणारं माणूस नाही आणि तुमचा काटा फिरतोय, मग ही चोरी नाही तर काय? रांगेतले दोघं-तिघं पुढं सरकले. आपल्या बिलांतही असंच असणार असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. दानेश्वरी आप्पांकडं बघत होती. आपण तिला आत्ताच निर्दोष सोडलं, हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"मग घरात कोण हुतं, आप्पा?" क्रांतीनं विचारलं.

"मी. आनि आमची मंडळी."

क्रांतीनं पाच तारखेचे तास उघडले. सकाळी साडेसहाला चार एमबी. सातला चार. सात दहाला चार. दुपारी जेवणाच्या वेळी थोडी सुट्टी, मग पुन्हा चार, चार, चार. सौद्याच्या घंटेसारखं. मग तिनं अकरा तारीख दाखवली, तिथं शून्य होतं. कधी नाही ते सगळं घर त्या रविवारी जोतिबाला गेलेलं.

आप्पांनी तोंडातल्या तोंडात मोजायला सुरुवात केली, ऒंदु, एरडु, मूरू, आणि थांबले.

मग अडखळत म्हणाले की आपण तुमचा स्पीड बघत होतो. पिराजीनं दाखवलेल्या पानावर. त्या ‘पर्यंत’चा भरवसा नव्हता म्हणून.

क्रांतीच्या सपाट आवाजाला पहिल्यांदा सुरकुती पडली. तिनं समजावलं की तो काटा फुकट फिरत नाही. तो मोजण्यासाठी खराखुरा माल खाली ओढतो, परत वर ढकलतो, आणि टाकून देतो. प्रत्येक खेपेला चारएक एमबी. दिवसाला तुम्ही पस्तीस वेळा बघितलंय.

"काटा तपासायचं माप गिऱ्हाइकाच्या बिलात धरतं काय कोण?" आप्पा म्हणाले. "अडतीस वर्षांत मी कुणाच्या हिशेबाच्या पट्टीवर ते लिवलं न्हाय."

रांगेतला एकजण म्हणाला, बरोबर हाय की पावणं. पण क्रांतीकडं बिल कमी करायचा अधिकार नव्हता. सगळेजण आप्पांकडं बघत होते. अजून भांडता आलं असतं. रांग त्यांच्या बाजूची होती, आणि अर्ज त्यांच्याच पंज्याखाली होता. अर्ज दिला असता तर घरी जाऊन कंपनीला नावं ठेवता आली असती आणि कुणाला काही कळलं नसतं. बाजूला उभी होती तिच्याशिवाय.

आप्पांनी पंजा उचलला. वळून दानेश्वरीला म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, कारण हळू बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं:

"तुझा तोल बरोबर हुता. खोट माझी हाय."

तिनं हात पुढं केला. अर्ज उचलला, दुमडला, पर्समध्ये टाकला. मग क्रांतीला विचारलं, मोजमाप नसलेला कुठला प्लॅन आहे का? होता. नऊशे रुपये, स्पीड कमी, वापर अमर्याद. दानेश्वरीनं फॉर्म घेतला आणि ग्राहकाच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं. पैसे साडेचार हजारांतून आपण देणार म्हणाली.

अमर्याद हा शब्द ऐकून आप्पांचे कान टवकारले होते. अमर्याद म्हणजे कुठपर्यंत, हे त्यांनी विचारलंच. फॉर्मच्या मागची बारीक अक्षरं दानेश्वरीनं त्यांना मराठीत करून एकेक वाचून दाखवली. तीन अटींवर त्यांनी हरकत घेतली, एकीवर क्रांतीला आतून साहेबाला विचारून यावं लागलं, आणि तिची जेवणाची सुट्टी तिथंच संपली. जुनं बिल आप्पांनी आपल्या पेन्शनमधून भरलं. पावती उजेडात धरून बघितली.

रिक्षात बसल्यावर दानेश्वरी म्हणाली, "मामा, ते काट्याचं पान आता सकाळी एकदा, सांजला एकदा. बास."

आता तर वापर अमर्याद आहे, मग बंदी कशाला, असं आप्पांचं म्हणणं. ती म्हणाली, तुमचा काटा फिरायला लागला की माझी फाईल अडकते.

दाभोळकर कॉर्नरपर्यंत आप्पा रिक्षाच्या मीटरकडं बघत होते. मग म्हणाले, "आनि दुपारी त्यांनी कमी दिलं तर?"

"मला कळंल की," दानेश्वरी म्हणाली. "काम मी करतीय."