लाल पट्ट्याचे सात अर्थ

बुधवार, ५ जून. पाणी उशिरा आलं. भाऊजींना शाळेचं पत्र: शुक्रवारी सभागृहात, गावासमोर, मुलांना आपल्या गावच्या झेंड्याच्या रंगांचा अर्थ सांगावा. भाऊजींचा चहा थंड झाला.

रोजची नोंद लिहून वहिनींनी पेनाला टोपण लावलं. समोर धाकटे दीर, चाळीस वर्षं झेंडे शिवणारे शिंपी, पत्र उलटंसुलटं करत बसले होते. अर्थ ठाऊक नव्हता असं नाही. अर्थ फार झाले होते. गिऱ्हाईक बघून ते रंग उलगडत. गल्लीत ज्यांना सगळे उगाच कर्नल म्हणत, त्या साध्या निवृत्त सैनिकाला लाल पट्टा म्हणजे सांडलेलं रक्त. वीटभट्टीवाल्याला भाजलेली माती. नर्सबाईंना रोग्याच्या गालावर परत आलेली लाली. शुक्रवारी ही सगळी मंडळी एकाच सभागृहात बसणार होती, आणि भाऊजींची नात पहिल्या बाकावर. तिच्यासमोर थापाड्या ठरायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं.

"सात आहेत," वहिनी म्हणाल्या. "माझ्या वहीत तारखेनिशी. वाचू?"

"वहिनी, तुम्ही माझ्या बाजूच्या की त्यांच्या?"

"मी वहीच्या बाजूची."

शेवटी मशीनच्या खणातून झेंड्याचा सरकारी कागद निघाला. पुढे मापं होती, म्हणून मागचं पान भाऊजींनी कधी उलटलंच नव्हतं. मागे एकच ओळ: लाल निवडला, कारण तो लांबून, धुक्यातही दिसतो.

भाऊजींचं तोंड एवढंसं झालं. वहिनींना हसू आवरेना.

शुक्रवारी भाऊजींनी ती ओळ वाचली, घसा साफ केला आणि सातही थापा कबूल करून टाकल्या. सभागृह खो खो हसलं. मग कर्नल उठून उभे राहिले.

"म्हणजे मला बनवलंत तुम्ही?"

"हो," भाऊजी म्हणाले. "पण झेंडा नीट शिवला होता."

कर्नलनी जरा विचार केला. अकरा वर्षं वाऱ्यावर फडकतोय, अजून एक टाका उसवलेला नाही, एवढं कबूल करून ते खाली बसले. पहिली टाळी नातीनेच वाजवली.

त्या संध्याकाळी वहिनींनी लिहिलं: भाऊजींनी दोनदा मागून घेतलं. भाजी संपली. उद्या कांदे आणणे.