भिंतीने शिकवलेला बॅकहँड

आमच्या बेर्दून गावात टेनिसमधलं ओ की ठो न कळणारा माणूसही गावातूनच मोठा झालेल्या लिचाच्या बॅकहँडवर तासभर बोलू शकतो. रेल्वे क्लबचं कॅन्टीन मी सदतीस वर्षं चालवते आहे. म्हणजे हे बोलणं मी सदतीस वर्षं ऐकते आहे, आणि त्यात हसून मानही डोलावते, कारण बोलणारे वर्मूथ पितात आणि वर्मूथ मी विकते.

रविवारी बाराच्या सुमाराला खाटीक बासाल्दूआ पाव कापायची सुरी घेऊन उभा राहायचा.

"बघा हां. आधी खांदा वळतो. हात मागे, डाव्या कमरेपाशी. आणि मग असा उघडतो..."

"अरे, सोड्याची बाटली सांभाळ! मेंढी सोलतोयस का बॅकहँड मारतोयस?"

"तू गप रे. त्या फायनलला शेवटचा पॉइंट आठव. समोरचा गोरा जागचा हलला नाही. रॅकेट काखेत धरून टाळ्या वाजवल्या त्याने."

"ताकद काय, बैलातही असते. पण याची ताकद कुठे दिसायचीच नाही. चेंडू जायचा तेव्हा कळायचं."

"देवाने दिलेला हात आहे तो. शिकवून येत नाही."

हे चाललेलं असताना काउंटरच्या टोकाला देल्फोर उभा असायचा, नळीने माते, म्हणजे आमच्याकडचा पाल्याचा कडू चहा, ओढत. देल्फोर म्हणजे क्लबची कोर्टं राखणारा. सभासद त्याला "ए देल्फोर" म्हणत, बासाल्दूआसुद्धा, जो त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होता. देवाच्या हाताचा विषय निघाला की देल्फोर कप ठेवायचा, टोपी घालायचा आणि बाहेर जायचा. तो का जायचा, ते मला माहीत होतं. गावात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

आमची कोर्टं विटांच्या भुकटीची. वारा सुटला की अर्धं कोर्ट रुळांवर जाऊन पडतं, म्हणून रोज नवी भुकटी टाकावी लागते. बाकीचे फावड्याने टाकतात. देल्फोर हाताने टाकायचा. बादली डाव्या कमरेवर टेकवलेली, अंग तिरकं, उजवा हात बादलीत. मग खांदा आधी निघायचा, त्यामागून कोपर, आणि बोटं सगळ्यात शेवटी उघडायची. शेतात बी फोकतात ना, तसा. भुकटी कापडासारखी पातळ आणि एकसारखी पडायची. हे काम तो दुपारी करायचा, एक ते चार, कारण तेव्हा सभासद घरी झोपलेले असत. आणि आमच्याकडे दुपारी गाव झोपतं म्हणजे कुत्र्यापासून पाद्रीबाबांपर्यंत सगळे झोपतात. एक वेळ आईवरून शिवी दिलेली चालेल, पण दुपारी दार वाजवलेलं चालत नाही.

जागे आम्ही दोघं. तो कोर्टावर आणि मी खिडकीशी, जेवणाची भांडी घासत.

तिसरा जागा झाला तो स्टेशनमास्तरचा पोरगा. नऊ वर्षांचा लिचा, झोप न येणारा, आईने वैतागून बाहेर काढलेला. कुणाची तरी टाकून दिलेली रॅकेट त्याच्या हातात होती. पहिलाच चेंडू त्याने कुंपणापार मालगाडीच्या डब्यात मारला.

देल्फोर म्हणाला, "रॅकेट ठेव खाली. ही बादली घे."

"मला खेळायचंय!"

"मग घे बादली."

महिनाभर त्याने त्या पोराकडून भुकटी टाकून घेतली. ढीग पडला की झाडायला लावायचा आणि पुन्हा टाकायला लावायचा. महिन्यानंतर रॅकेट दिली आणि म्हणाला, "आता हातात भुकटी नाही, एवढाच फरक. बाकी काही बदलू नकोस." आणि नेटच्या पलीकडे जाऊन बादलीतले जुने चेंडू एकेक करून टाकायला लागला. अशी चार-साडेचार वर्षं, उन्हाळा असो की थंडी. मी भांडी घासता घासता बघायचे. नंतर जगाने टीव्हीवर जो फटका पाहून तोंडात बोटं घातली, तो मी कढईला घासणी लावून पाहिलेला आहे. १९७१च्या फेब्रुवारीत लिचा तेरा वर्षांचा असताना राजधानीत गेला, आणि परत आला तो सत्तावीस वर्षांनी.

क्लबची सरावाची भिंत त्यानंतर आली, १९७४च्या एप्रिलमध्ये. ती देल्फोरनेच बांधली. ओल्या सिमेंटवर, अगदी पायथ्याशी, त्याने खिळ्याने साल कोरलं. हे साल लक्षात ठेवा.

देल्फोरची बायको इर्मा. शिवणकाम करायची. क्लबात नोकरांच्या बायका येत नसत, म्हणून तिने कोर्ट कधी पाहिलेलं नव्हतं. लग्नाचं पहिलं दशक तिने दुपारी एकटीने पलंगावर काढलं, आणि ते ती विसरली नव्हती. लिचा जिंकायला लागला तसा देल्फोर तिला म्हणाला, "त्याला मी शिकवलं. दुपारी तेच करायचो." ती म्हणाली, "हो का? मग तो कधी म्हणत कसा नाही?" तेव्हापासून लिचाची एकेक मुलाखत दोघं शेजारी बसून ऐकत. मुलाखत संपली की ती टीव्ही बंद करायची आणि सुईत दोरा ओवायची.

"परक्यांसमोर माझं नाव घेऊन काय उपयोग?" देल्फोर मला सांगायचा. "त्यांना देल्फोर काय नि दगड काय. इथे आला ना, नेली, की घेईल. इथल्या लोकांत घेईल. एकदाच घेऊ दे. इर्माच्या कानावर एकदा पडू दे, बस."

आणि १९९८च्या नोव्हेंबरमध्ये तो आला. खेळणं सोडून सहा वर्षं झालेली, केस पिकलेले, पण अंग अजून ताठ. कोर्टाला त्याचं नाव द्यायचं होतं. अध्यक्ष होते नोटरी पाग्लियेरो, ज्यांच्या शिक्क्याशिवाय आमच्याकडे जन्म खरा नाही की मरण खरं नाही. देल्फोरने आठवडाभर कोर्ट राखलं. इर्माने स्वतःसाठी निळा झगा शिवला आणि पहिल्यांदा क्लबाच्या फाटकातून आत आली. मीच तिला दुसऱ्या रांगेत बसवलं.

लिचा खेळला. राजधानीतल्या एका पंचविशीतल्या पोराबरोबर, गंमत म्हणून. पहिला बॅकहँड गेला आणि चारशे माणसांच्या तोंडून एकच "आऽऽ" निघाला. बासाल्दूआ रडला, अगदी हुंदके देऊन. पोरगा धावलाही नाही, चेंडूकडे नुसता बघत राहिला. मी मात्र देल्फोरकडे बघत होते. तो कुंपणाला टेकून उभा होता आणि प्रत्येक फटक्याला त्याचा उजवा खांदा किंचित पुढे यायचा.

मग लिचाने माइक घेतला.

"लोक विचारतात, हा फटका कुणी शिकवला? खरं सांगू? कुणीच नाही. दुपारी सगळं गाव झोपलेलं असायचं. मी एकटा यायचो. ती तिथे भिंत आहे ना, तिच्याशी खेळायचो. माझा गुरू ती भिंत."

काय टाळ्या वाजल्या म्हणून सांगू! लोक उठून भिंतीकडे वळले. तो खोटं बोलत होता का? मला वाटतं, नाही. परदेशात बसून कुणीतरी विचारलं असेल आणि त्याने काहीतरी सुबक उत्तर दिलं असेल. तेच वीस वर्षं देता देता ते त्याला स्वतःलाच पटलं असेल. मोठ्या माणसांचं बरं असतं. त्यांना खोटं बोलावं लागत नाही, ती नुसती विसरतात.

खोटं मी बोलले. टीव्हीवाली पोरगी माइक घेऊन माझ्यापाशी आली. "मावशी, तुम्ही तेव्हापासून इथे आहात. लहानपणी त्यांना भिंतीशी खेळताना पाहिलंत?" कॅमेऱ्याचा दिवा माझ्या तोंडावर. पाग्लियेरो हसून मान हलवताहेत. लिचा माझ्याकडे बघतोय, आणि केवढ्या प्रेमाने बघतोय! मी म्हणाले, "पाहिलं म्हणजे काय! रोजच्या रोज. टक, टक, टक, आख्खी दुपार. मी खिडकीतून बघायचे, एकटंच लेकरू!" टक टक करताना हातही हलवला मी. का बोलले? कॅन्टीन जाईल म्हणून भ्याले, असं मी पुढे स्वतःला सांगून पाहिलं. ते खरं नाही. मला टीव्हीवर यायचं होतं. बाकी काही नाही.

इर्मा उठली. पर्स काखेला मारली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. देल्फोरही धावत आला.

"भिंत," ती त्याला म्हणाली. "एकटंच लेकरू आणि भिंत. मग तू कुठे होतास रे रोज दुपारी?"

"इर्मा, मी..."

"गावात दुपारी जागी कोण असायची, ते आत्ता कळलं मला. ही बाईच सांगतेय की."

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. खोटं मी बोलले, आणि गोटा देल्फोरच्या कपाळी बसला.

त्यानंतर त्याने माझ्याकडे माते घेणं बंद केलं. इर्मा त्याला जेवायला वाढत होती, पण पलंग तिने शिवणाच्या खोलीत हलवला होता. हे मला गावातून कळलं, आणि गाव ते चवीने सांगत होतं. चौसष्ट वर्षांचा देल्फोर आणि मी! हसू येण्यासारखं होतं. मला हसू येत नव्हतं.

दहा-बारा दिवस मी ते रेटलं. मग एका दुपारी, अडीच वाजता, सदतीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. झोपेच्या वेळी इर्माचं दार वाजवलं.

"ही काय वेळ आहे?"

"मी टीव्हीवर खोटं बोलले. देल्फोरनेच शिकवलंय त्याला. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"तेव्हाही डोळ्यांनीच पाहिलं होतंस."

"अगं, तेव्हा ती भिंत नव्हतीच! लिचा गेल्यावर तीन वर्षांनी बांधली. तुझ्या नवऱ्यानेच बांधली, आठवत नाही?"

"त्याच्या विजारीला जन्मभर सिमेंट आहे. कुठलं कुठल्या साली लागलं, ते मला काय माहीत? क्लबची वही दाखव."

"वही पाग्लियेरोंच्या कपाटात आहे, आणि किल्ली त्यांच्या खिशात. पण भिंतीवर साल आहे, इर्मा! पायथ्याशी कोरलेलं आहे. एकोणीसशे चौऱ्याहत्तर. चल, आत्ता चल, बघ आणि मग मला थोबाडीत मार."

तिने दार ओढून घेतलं. मग होती त्या सपातांवर निघाली. ऊन मी म्हणत होतं. सगळ्या खिडक्या बंद, रस्त्यावर आम्ही दोघीच, आणि ती माझ्यापुढे चार पावलं. मला आठवतं, तिला घाई होती. तिला ते साल तिथे असायला हवं होतं, माझ्यापेक्षा जास्त हवं होतं. चालताना तिची पाठ बघून मला ते कळलं.

भिंतीशी देल्फोर गुडघ्यांवर बसला होता. हातात थापी, बाजूला घमेलं. भिंत अर्धी पांढरी झालेली, आणि मध्यभागी पितळी पाटीसाठी चार भोकं. पायथ्याला ताजं गुळगुळीत सिमेंट, अजून ओलं.

"इथलं साल?" मी ओरडले. "देल्फोर, इथलं साल कुठाय?"

"नोटरीसाहेबांनी भरायला सांगितलं. पाटी लागणार आहे. लोक साल वाचतील नि नको ते विचारतील, म्हणाले."

"अरे, मग काढ ते! ओलंय अजून!"

"खाली काही नाही. आधी छिन्नीने उकरून घेतलं. जुन्यावर नवं धरत नाही नाहीतर."

तो कधी कुठलं काम अर्धवट करायचा नाही.

"सांग हिला," मी म्हणाले. "तोंडाने तरी सांग!"

"वीस वर्षं सांगतोय," देल्फोर म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता, तिच्याकडेही नाही. "साक्षीला तू होतीस, नेली. एकटी तूच होतीस."

इर्माने ओल्या सिमेंटला पायाच्या अंगठ्याने स्पर्श केला. मग आमच्या दोघांकडे पाहिलं. भर दुपारी, गाव झोपलेलं, आणि आम्ही दोघं जागे. तिने सपाता नीट केल्या आणि वळली.

देल्फोर उठला. थापी पुसली. दुपारचं काम व्हायचं होतं. त्याने बादली उचलली, कोर्टावर गेला, बादली डाव्या कमरेला टेकवली, अंग तिरकं केलं. खांदा आधी निघाला, त्यामागून कोपर, आणि बोटं सगळ्यात शेवटी उघडली. जो हात बघून चारशे माणसं "आऽऽ" म्हणाली होती, जो इर्माने वीस वर्षं टीव्हीवर नीट निरखून पाहिला होता, तोच हात होता तो. आंधळ्यालाही ओळखू आला असता.

मी हाक मारली, "इर्मा, बघ! मागे बघ!"

माझ्या हाकेवर ती कशाला थांबेल? ती फाटकातून बाहेर पडली, आणि तो भुकटी टाकत राहिला.