खडूबाईंनी चार्ज दिला

सकाळपासून वारा असा पिसाटला होता की अंगण झाडून कडेला लोटलेला पाचोळा खडूबाईंची पाठ वळली की परत दारात येऊन बसत होता. "ये बाबा, तूच राहा घरात," असं त्यालाच म्हणून त्यांनी केरसुणी कोपऱ्यात टाकली आणि आत आल्या. चुलीवरचं पाणी उतरवलं. नवऱ्याचा साबण, वस्तरा, टॉवेल त्याच्या उजव्या हाताला, नेहमीच्या जागी ठेवला. जागा वीतभर चुकली तरी तो ओरडायचा नाही, नुसता चाचपडत राहायचा. ते चाचपडणं खडूबाईंना बघवत नसे.

खडूबाई हे नाव पोरांनी ठेवलेलं. कानामागे खडू, केसांत खडूची भुकटी, पर्समध्ये पैशांपेक्षा खडूचे तुकडेच जास्त. नोकरी लागल्यापासून त्यांनी पहिलीचा वर्ग सोडला नव्हता. वरचा वर्ग घ्या म्हटलं की म्हणायच्या, "वरची पोरं प्रश्न विचारतात हो. पहिलीतली नुसती रडतात. रडणं मला झेपतं."

नवरा वायरमन होता. खांबावर काम करताना ठिणग्यांचा लोळ तोंडावर आला आणि डोळे गेले. मग बरेच महिने तो भिंतीकडे तोंड करून बसून होता. जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की झोपायचा. एकदा शेजारणीनं बंद पडलेला पंखा दारात आणून ठेवला. याला दिसत नाही हे ती घाईत विसरूनच गेली होती. त्यानं तो बोटांनी उघडला आणि संध्याकाळपर्यंत चालू केला. तेव्हापासून दाराशी टेबल मांडून इस्त्र्या, मिक्सर, पंखे दुरुस्त करायचा. गल्लीतला एकेक खांब डोळे असताना चढलेला होता. आता तेच खांब हातानं ओळखत कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत एकटा जायचा आणि चारचौघांत बसून सरकारला शिव्या घालून परत यायचा.

आणि खडूबाईंच्या बदलीचा आदेश आला. डोंगरापलीकडची शाळा. बस संध्याकाळी जाणार, ती रात्रभर तिथंच मुक्काम करून सकाळी परतणार. रोजचं जाणं-येणं शक्यच नाही. जोडीदार अपंग असेल तर बदलीतून सूट असते, पण नवऱ्याचा दाखला जुन्या नमुन्याचा, तो संगणकानं घेतला नाही. खात्यातले साहेब म्हणाले, मशीनला दया नसते. मग बाईंनी वकीलबाई गाठल्या आणि कोर्टात अर्ज टाकला.

आज त्याची सुनावणी होती. वकीलबाईंनी आदल्या संध्याकाळी फोनवर बजावलं होतं, "तुम्हाला अजून कार्यमुक्त केलेलं नाही. म्हणजे बदली फक्त कागदावर आहे. एकदा स्थगिती मिळाली की कोण तुम्हाला हलवतंय ते बघतेच. पण तोवर शाळेची पायरी चढायची नाही. कशावर सही नाही, कुणाला काही देणं नाही. कळलं?"

"कळलं," खडूबाई म्हणाल्या होत्या.

त्या कोर्टात जायला चपला घालत होत्या तेवढ्यात हेडमास्तरांचा फोन.

"बाई, वर्गाच्या कपाटाची चावी तुमच्याकडे आहे."

"आहे. आणि आज माझ्याकडेच राहणार आहे, सर."

"अहो, तसं नाही. तुमच्या त्या नव्या पोरीनं कार्यक्रम केलाय. जादा चड्ड्या तुमच्या कपाटात. ती कोपऱ्यात उभी आहे, जवळ गेलं की किंचाळते. बाकीची पोरं नाकं धरून हसतायत. मी काय करू?"

खडूबाईंनी पर्समधली चावी चाचपली.

"कोण गं?" आतून नवऱ्यानं विचारलं.

"शाळेतून. वाटेवरच आहे, जाऊन येते."

त्यांना वाटलं, चावी म्हणजे काही सही नव्हे. आणि मनातल्या मनात त्यांनी वकीलबाईंना उत्तरही देऊन ठेवलं.

पोरगी खरंच कोपऱ्यात होती. बाईंना बघून तिचं किंचाळणं थांबलं, हुंदके तेवढे राहिले. खडूबाईंनी तिला नळावर नेलं, धुतलं, कोरडं केलं, कपाटातली चड्डी चढवली आणि हसणाऱ्या पोरांना म्हणाल्या, "हसा. तुमच्या सगळ्यांच्या चड्ड्या मी बदलल्यात, एकेकाचं नाव सांगू का?" वर्ग चिडीचूप.

दारात एक बाई ट्रंक घेऊन उभी होती. खडूबाईंच्या जागी बदलून आलेली. डोंगरापलीकडच्या त्याच शाळेतून.

"मीही कोर्टात गेले होते, ताई," ती खाली बघत म्हणाली. "तेव्हा हरले. माझा मुलगा सासूकडे वाढला. मला मावशी म्हणतो."

खडूबाईंना तिचा राग करायचा होता. तो आलाच नाही. उद्या पुन्हा कुणी कार्यक्रम केला तर कपाट कोण उघडणार, या एका विचारानं त्यांनी चावी तिच्या हातात दिली. हेडमास्तरांनी एक छापील कागद पुढं सरकवला.

"चावी दिल्याची पोच आहे, बाई. नुसती पोच. वरून फोनवर फोन येतायत हो मला."

ते वर बघत नव्हते. खडूबाईंचे हात अजून ओले होते, कोर्टाची वेळ होत आली होती. त्यांनी सही केली.

कोर्टात त्यांचा नंबर यायला वेळ लागला. खोली लहान, पंखा मोठा, आणि तो इतका आवाज करत होता की नवरा असता तर त्यानं आधी तोच उतरवला असता. वकीलबाई छान बोलल्या. नियम वाचून दाखवला, नवऱ्याचा दाखला पुढं ठेवला. न्यायाधीशांनी मान हलवली तेव्हा खडूबाई बाकाला पाठ टेकून बसल्या.

मग सरकारी वकील उठले. त्यांच्या हातात मोबाइल होता. "साहेब, अर्जदारांनी आज सकाळीच चार्ज दिलाय. त्या कार्यमुक्त आहेत, नव्या शिक्षिका हजर झाल्यात. आता थांबवायचं काय?"

वकीलबाईंनी गर्रकन मागं वळून पाहिलं.

न्यायाधीशांनी मोबाइलवर सकाळच्या त्या छापील कागदाचा फोटो पाहिला आणि थेट विचारलं, "बाई, ही तुमची सही आहे? चावी दिलीत?"

खोटं बोललात तर जीभ काळी होते, असं आजवर किती पोरांना सांगून झालं होतं.

"हो साहेब. दिली."

"मग आधी तिकडे हजर व्हा. तिथून खात्याकडे अर्ज करा. खातं विचार करेल."

पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला.

व्हरांड्यात वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "चड्डीपायी? बाई, एका चड्डीपायी?"

"पोरगी उभी होती हो तशी."

"उभी राहिली असती तासभर! वाळली असती चड्डी!" असं बोलून गेल्या आणि त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. त्या फायली सावरत निघून गेल्या.

घरी नवरा टेबलाशी इस्त्रीचा स्क्रू फिरवत होता. चपलांच्या आवाजावरूनच म्हणाला, "नाही ना मिळाली?"

"नाही." त्यांनी चहासाठी दूध चुलीवर ठेवलं आणि त्याच्यासमोर येऊन बसल्या. काही न लपवता सांगून टाकलं. पोरगी, चावी, सही. त्याची बोटं स्क्रूवर थांबली.

"दुसरं कुणी नव्हतं का गं तिथं?"

"होते. सगळे होते."

त्यानं स्क्रू पुन्हा फिरवायला घेतला. मग खडूबाईच घाईघाईनं म्हणाल्या, "तिकडे खोली मिळते म्हणे शाळेजवळ. दोघं जाऊ. टेबल नेऊ."

"खोली मिळेल. गल्ली कुठून आणशील?" त्याचा आवाज चढला नव्हता. "तिथं मी कपाट होईन. सकाळी उघडायचं, रात्री लावायचं. मी नाही येत. तू जा, सुट्टीला ये."

"आणि तुमचं खाणंपिणं? पडलात, भाजलात तर?"

"तर पडेन."

"रात्रीचं तरी एकट्यानं कसं हो?"

"रात्रीचं मला काय नवीन आहे?" तो म्हणाला. खडूबाईंना हसू फुटलं आणि ते निम्म्यातच मोडलं. त्यांनी तोंडावर हात दाबला. याला दिसत नाही याचा त्यांना पहिल्यांदाच आधार वाटला. तोही फार टिकला नाही, कारण तो म्हणाला, "रडू नको. पगार सोडता येत नाही आणि मला इथून उचलता येत नाही. संपलं. त्यात कोर्ट तरी काय करणार?"

त्यानं इस्त्री बाजूला सारली आणि नाक वर केलं.

"दूध लागतंय."

खडूबाई उठल्या. दूध उतू जाऊन चुलीभर झालं होतं, उरलेलं तळाशी काळं पडलं होतं. त्यांनी ते मोरीत ओतलं, पातेलं नळाखाली धरलं आणि तारेची घासणी घेऊन खाली बसल्या. करपलेलं लवकर सुटत नव्हतं. त्या घासत राहिल्या.